राहून गेलेला मुद्दा

दि. १२, शुक्रवार

ती. बाबांना,

नमस्कार. मी ठीक आहे. इथे हवा कोरडी आहे आणि काम नेहमीइतकंच आहे. आईचा गुडघा आता कसा आहे ते फोनवर कळलं. तुम्हीही ठीक असाल असं यापुढे लिहायचं असतं, पण आईशी बोलणं झालेलं असल्यामुळे ते वाक्य गाळते.

आपल्या घरात तक्रार तोंडी चालत नाही. लेखी द्यायची, मुद्दे घालून, विशेषणं न वापरता. तीन दिवसांत लाल शाईत शेरा मिळतो. मी आठ वर्षांची असताना ‘आई माझी वेणी फार घट्ट घालते’ असा कागद तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही ‘फार’ या शब्दाला लाल गोल करून बाजूला लिहिलं होतं : ‘किती?’ कारखान्यात तुम्ही मुख्य तपासनीस होतात, घरी दुसरी पद्धत कुठून आणणार. मीही पुढे वजनकाटे तपासण्याच्या धंद्यात पडले, तेव्हा पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. हा कागद त्याच पद्धतीने लिहिते आहे.

रविवारी, दि. ७ रोजी, जे झालं ते असं :

१. सकाळी ९.१० ला आपण दोघं घरातून निघालो. तुमच्या कारखान्यातल्या निवृत्तांचा मेळावा होता. आई गुडघ्यामुळे आली नाही.

२. तुम्ही फिकट राखाडी पँट घातली होती.

३. ९.५५ ला सभागृहात पोचलो. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलात, मी सहाव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

४. १०.४० च्या सुमारास तुम्ही कार्यक्रमपत्रिका उलगडून मांडीवर पसरलीत आणि वर दोन्ही हात ठेवलेत.

५. ११.०५ ला तुमचं नाव पुकारलं. तुम्ही उठला नाहीत. शेजारच्यांना ‘पायाला मुंग्या आल्यात’ असं सांगितलंत.

६. मानपत्र तुम्हाला जागेवर आणून दिलं. टाळ्या झाल्या.

७. कार्यक्रम १२ ला संपला. सभागृह रिकामं व्हायला वीस मिनिटं लागली. तुम्ही १२.२५ ला उठलात.

८. बाहेर पडताना मानपत्राची फ्रेम तुम्ही पुढे धरली होती. मागे धरायला काही नव्हतं.

९. मी तुमच्या पुढे चालत होते. अंतर दहा पावलं.

१०. टॅक्सीत आपण बोललो नाही.

यात एक मुद्दा गाळला आहे. तो पुढे येईल.

आईचा फोन बुधवारी आला. ती म्हणाली, “अगं, ते पाणीच पीत नाहीत. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. आणि शनिवारी वीसला डॉक्टरांकडे जायचंय, तर म्हणतात, फोन करून रद्द कर.” मी विचारलं, का? “का म्हणजे? सव्वा तासाचा बसचा प्रवास आहे बाई. तूच सांग त्यांना काहीतरी. तुला त्यातलं कळतं.”

तुला त्यातलं कळतं. पाच वर्षांत आपल्या घरात या विषयावर बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. पुढच्याच वाक्यात आई त्याला ‘ते’ म्हणाली. “ते तू घालतेस ना, ते.” मी डायपर म्हणते. मोठ्या माणसांचे डायपर. पाच वर्षांपूर्वी पाठीच्या ऑपरेशननंतर मी ते घालायला लागले. आठ महिन्यांपूर्वी तुमचं प्रॉस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तुम्हाला त्यांची गरज आहे, आणि तुम्ही हात पुसायचा टॉवेल चौपदरी घडी करून वापरता. हे मला आईने सांगितलेलं नाही. दोरीवर एकाच मापाचे चार टॉवेल रोज वाळत असले की कळतं. मीही सुरुवातीला तेच केलं होतं.

सोबतच्या पार्सलात एक पाकीट आहे. माप लार्ज. तुमची कंबर शिंप्याच्या जुन्या चिठ्ठीवरून घेतली.

हे पाकीट घेतानाची गोष्ट सांगते, कारण ती सांगायला मला फार आवडणार नाही. (‘फार’ला गोल करा. किती ते मलाही मोजता आलेलं नाही.) पाच वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा मेडिकलमध्ये गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, “मोठ्यांचे? कोणासाठी?” दुकानात सहा माणसं होती. मी म्हणाले, “वडिलांसाठी.” तेव्हापासून तुम्ही त्या दुकानात अंथरुणाला खिळलेले आहात. दर महिन्याला काका विचारतात, “कसे आहेत बाबा?” मी सांगते, आहेत तसेच. “किती करतेस गं त्यांचं! अशी मुलगी मिळायला नशीब लागतं.” त्या वेळी तुम्ही रोज सकाळी पाच किलोमीटर चालत होता.

काल मी मीडियमबरोबर एक लार्जही मागितलं. काकांचा चेहरा उजळला. “अरे वा! बाबांनी अंग धरलं की!”

मी हो म्हणाले.

आता वापराबद्दल. हे कोणी शिकवत नाही. दवाखान्यातली नर्स घालून दाखवते, पण ती पलंगावर आडव्या माणसाला. रस्त्यावर उभ्या माणसाला काय करायचं असतं ते मी स्वतः शोधून काढलं आहे.

डायपर दोन प्रकारचे मिळतात. एक चड्डीसारखे ओढून घालायचे, दुसरे बाजूने चिकटपट्ट्या असलेले. दुकानदार ओढायचे घ्या म्हणेल. घरात ते सोपे. पण बाहेर बदलायची वेळ आली की बूट काढावे लागतात, पँट पूर्ण काढावी लागते, आणि सार्वजनिक शौचालयाची जमीन कोरडी असल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. पट्ट्यांचे पँट गुडघ्यापर्यंत उतरवून बदलता येतात. म्हणून पट्ट्यांचे पाठवले आहेत. पट्टी उघडताना चर्र आवाज येतो. फ्लश ओढायचा आणि त्याच क्षणी उघडायची. दोन पट्ट्या, एक फ्लश. सरावाने जमतं.

मांडीजवळची झालर बाहेर उभी राहिली पाहिजे. ती आत दुमडली तर कितीही महागाचा डायपर असला तरी गळतो. पुरुषांच्या बाबतीत घालताना पुढच्या भागाची दिशा खाली ठेवावी लागते, नाहीतर वरून, बेंबीकडून गळतं. हे वाक्य मुलीने बापाला लिहायचं नसतं. लिहिलं. पुढे जाते.

पाकिटावर लिहिलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नका. मी सहा कंपन्यांचे डायपर तपासले आहेत. शंभर शंभर मिलीलीटर पाणी ओतायचं आणि वर वीस किलोचं प्रमाण वजन ठेवायचं, कारण माणूस बसतो तेव्हा भार येतो आणि कंपनीवाले तो धरत नाहीत. लिहिलेल्या आकड्याच्या साठ टक्के धरा. रोजचा वापरलेला डायपर मी पहिली दोन वर्षं घरच्या काट्यावर तोलत होते. एक ग्रॅम म्हणजे एक मिलीलीटर, जवळजवळ. त्यावरून मला माझं शरीर कळलं. आतून कळणं बंद झालं होतं.

पँट गडद. शर्ट बाहेर. प्लॅस्टिकचा सरसर आवाज होतो असं पहिले काही दिवस वाटेल आणि सगळं जग ऐकतंय असंही वाटेल. वरून घट्ट सुती चड्डी घातली की आवाज निम्म्याहून कमी होतो. पावडर लावू नका, तिचे गोळे होतात. आणि पाणी प्या. पाणी तोडलं की लघवी थांबत नाही, दाट होते. दाट झाली की वास येतो, आणि लोक गळतीच्या आधी वासाकडे वळून बघतात. पाणी तोडायची चूक मीही केली होती. चार महिने. पुढे मूत्रमार्गाला संसर्ग झाला आणि आठवडाभर ताप. तुम्ही तेव्हा आईला विचारलं होतं, “हिला सारखं काय होत असतं?”

बायकांच्या शौचालयात बहुधा डबा असतो. पुरुषांच्या असतो का, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी आमच्या ड्रायव्हरमामांना विचारलं. आम्ही प्रमाण वजनांच्या पेट्या घेऊन गोदामांचे, गिरण्यांचे काटे तपासायला जातो. मामा पाच वर्षं व्हॅन चालवतात. दर दीड तासाने ते कुठल्यातरी बऱ्या हॉटेलसमोर व्हॅन थांबवतात आणि म्हणतात, “इंजिन गार करू.” बॉनेट उघडून उभे राहतात. मी इंजिनीअर आहे, इंजिन गरम नसतं हे मला कळतं. तर मी विचारलं, मामा, पुरुषांच्या शौचालयात कचऱ्याचा डबा असतो का? ते रस्त्याकडेच बघत होते. “नसतो ताई. कोणासाठी विचारताय?” वडिलांसाठी, म्हणाले. हा शब्द खरा असण्याची ही पहिलीच वेळ. मामा थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, “मग त्यांच्यासाठीपण मधे मधे थांबायला लागेल.”

‘पण’ म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन किलोमीटरवर त्यांनी इंजिन गार केलं.

तेव्हा तुम्हाला वापरलेला बरोबर न्यावा लागेल. पार्सलात काळ्या पिशव्या आहेत. एक आत, एक बाहेर, दोन्हींना वेगळी गाठ. खांद्याला अडकवायची बॅग घ्या आणि दारामागे खुंटी नसली तर गळ्यात अडकवा. जमिनीवर ठेवू नका.

वापराबद्दल एवढंच.

आता हिरव्या ड्रेसबद्दल.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मला नोकरीचे कागद द्यायला जायचं होतं आणि तुम्ही बरोबर आला होता. फिकट हिरवा ड्रेस होता. तेव्हा मला झालरीचं माहीत नव्हतं. बसमधून उतरले आणि तुम्ही माझ्या पाठीमागे बघितलंत. एकदाच. मग चालायला लागलात. मी भराभर आले तर तुम्ही आणखी भराभर. दहा पावलं, मी मोजली. ऑफिसच्या फाटकाशी तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी विचारलं, “काय साहेब, मुलगी कुठंय?” तुम्ही म्हणालात, “येतेय मागून.”

फाटकापासून इमारतीच्या दारापर्यंत मी ओढणी पाठीमागे सोडून, एका हाताने धरून गेले. कागद दिले. नोकरी मिळाली. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. घरी आल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, “काम झालं.” आईने चहा टाकला.

या दोन घटनांमधलं साम्य तुमच्या लक्षात आलंच असेल. तपासनीस आहात.

आता गाळलेला मुद्दा.

रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दोरीवर तीनच टॉवेल होते. म्हणजे चौथा कुठे होता हे मला निघण्याआधी माहीत होतं. त्या टॉवेलची चौपदरी घडी एकशे दहा ग्रॅम पाणी धरते. ते मी पाच वर्षांपूर्वी तोललं होतं, टॉवेल तेच आहेत. तुम्ही निघताना दोन कप चहा घेतलात. मी आकडेमोड केली, दारात चपला घालता घालता. खुर्चीत बसल्यापासून चाळीस मिनिटं, फार तर पंचेचाळीस. कार्यक्रम दोन तासांचा होता. माझ्या बॅगेत दोन डायपर होते. मीडियम, तुम्हाला तंग, पण चालले असते. एक गडद निळी सैल सलवार होती. सभागृहाच्या उजव्या दाराबाहेर स्वच्छतागृह होतं. आत शिरताना ते बघून ठेवायची मला सवय आहे.

१०.४० ला तुम्ही कार्यक्रमपत्रिका मांडीवर घेतलीत तेव्हा मी घड्याळ बघितलं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. माझं गणित बरोबर आलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना मी तीन वेळा थांबले आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही. बरं वाटलं.

मग तुमचं नाव पुकारलं. लोक म्हणत होते, “उठा साहेब, उठा! आता कसले लाजताय?” तुम्ही मान वळवून सहाव्या रांगेकडे बघितलंत. मी कार्यक्रमपत्रिका वाचत होते. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना तुमच्याच कारखान्याच्या इमारतीचं चित्र.

दहा पावलं पुढे चालायचं हे मी ठरवलं नव्हतं. पाय तसे पडले. पण चालताना एक गोष्ट कळली. मला वाटायचं, पुढे जाणारा माणूस मागच्याला सोडून सुटतो. तसं नसतं. पुढच्याला मागची पावलं ऐकू येतात. तुमच्या उजव्या बुटाचा ओला आवाज दारापासून टॅक्सीपर्यंत माझ्या कानात होता. हिरव्या ड्रेसच्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज तुम्हालाही येत असणार. हे मी तुम्हाला माफ करण्यासाठी लिहीत नाही. नोंद म्हणून लिहिते.

आता शेवटचा कागद.

या पत्राबरोबर एक जुना कागद जोडला आहे. अक्षर माझं आहे, वर तारीख पाच वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची. शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. तक्रार अशी आहे : १. पाठीत खाली कळ, रविवारपासून. २. डाव्या पायाला मुंग्या. ३. जिना चढताना पाय उचलत नाही. खाली तुमचा लाल शेरा : ‘परीक्षा गुरुवारी संपते. शुक्रवारी डॉक्टरांकडे.’ आणि आखूड सही.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला विचारलं, “लघवीचं कधीपासून कळत नाहीये?” मी म्हणाले, रविवारपासून. तुम्ही खिडकीशी उभे होता. डॉक्टर म्हणाले, “मग तेव्हाच आणायचं ना! एक-दोन दिवसांत आणलं असतं तर नस वाचली असती. आज काय, आता मिळेल तेवढं.” ते तुमच्याकडे बघून म्हणाले.

तुम्ही म्हणू शकला असता की कागदावर हा मुद्दा नव्हता. नव्हताच. चौथा मुद्दा मी लिहिला नाही. मंगळवारी सकाळी अर्धा तास पेन हातात धरून बसले होते. विशेषण न वापरता तो मुद्दा चार शब्दांत होतो, पण वाचणारे तुम्ही होता. मी बावीस वर्षांची होते. आईला तोंडी सांगता आलं असतं, पण आईने तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, लेखी दे. म्हणून मी तीनच मुद्दे लिहिले. तुम्ही तीन मुद्द्यांवर शेरा दिलात आणि तीन मुद्द्यांपुरता तो बरोबर होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पाच वर्षं घरात सगळे समजून होते की शेऱ्यामुळे झालं. आई समजून होती. तुम्ही समजून होता. मी समजू दिलं. आईने तुमच्याशी दोन महिने अबोला धरला होता तेव्हाही.

रविवारचा मेळावा त्यानंतरचा आहे. म्हणजे दोन गोष्टी माझ्याकडून येणं आहेत, एक तुमच्याकडून. तरी माझा राग जात नाही. तुम्हीच शिकवलंत की काटा शून्यावर आल्याशिवाय वजन करू नये. माझा येत नाही, आणि मी तसंच वजन करत आले.

सोबतच्या जुन्या कागदावर आज मी निळ्या शाईत एक ओळ वाढवली आहे :

४. लघवी झालेली कळत नाही.

खाली आजची तारीख घातली आहे. शेऱ्याला जागा सोडली आहे.

डॉक्टरांची वेळ मी रद्द होऊ दिलेली नाही. शनिवार दि. २०, सकाळी १०.३०. यायचं ठरलं तर मी सव्वाआठला दारात असेन. बसमध्ये दाराजवळचं बाक धरू. वाटेत दोन ठिकाणं आहेत, दोन्हीकडे खुंटी आहे, एकात पाणी नसतं. चालताना कोण पुढे आणि कोण मागे, एवढं मात्र या खेपेला आधी ठरवून घेऊ.

त्या दिवशीची रजा मला गुरुवारी टाकावी लागते. तेव्हा येणार की नाही ते, आणि जुन्या कागदावरचा शेरा, दोन्ही गुरुवार दि. १८ पर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवा. आईला फोटो काढून पाठवायला सांगू नका. शाई कोणतीही चालेल.

तुमची मुलगी,
(मागून येतेय म्हणालात, ती)